गॅरेजचं अरबी

माझा भाचा आखातात नोकरीला गेला आणि तीन महिन्यांत परत आला. येताना त्याने आपली वही परत आणली, ती मीच त्याला भरून दिली होती. लोक विचारतात तेव्हा घरचे सांगतात, तिथलं पाणी मानवलं नाही. खरं कारण मी आहे. आता ते लिहून टाकतो, कारण बोलून सांगायची संधी मी घालवली आहे.

मी पेडण्याचा. आखातात बावीस वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहिलो. परत येऊन सात वर्षं झाली. गुडघे गेले, केस गेले, पण गावात माझी एक ख्याती राहिली, ती म्हणजे ह्याला अरबी येतं. पेडण्याच्या बाजारात अरबीचं कुणाला काय काम? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. माझं तर पिकलेलं तिकडे राहिलं आणि विकायला मी इकडे बसलो होतो. तरी कुणी ‘अरबी येता न्हय तुका?’ म्हटलं की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

माझी बहीण डिचोली तालुक्यात पाळीला दिलेली. तिचा हा मुलगा दहा-बारा वर्षं खनिजाचे ट्रक चालवत होता. खाणीपासून जेटीपर्यंत आणि जेटीपासून खाणीपर्यंत. खाणी बंद झाल्या तेव्हा त्याला वाटलं महिनाभराचं असेल. मग सुरू होणार म्हणून बातमी, मग पुन्हा बंद, मग कुठल्याशा एकाच खाणीचं काही, असं करता करता अंगणात उभ्या केलेल्या ट्रकच्या हौद्यात रानवेल चढली. शेवटी ट्रक भंगारात गेला. दोन मुली शाळेत, आणि हा चाळिशीला टेकलेला. एजंटाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं की घरचा ड्रायव्हर म्हणून चाळिशीच्या पुढे घेत नाहीत, आणि अरबी बोलणारा असेल तर आत्ता एक जागा आहे. म्हणजे हीच एक, पुढे नाही.

तो मोटारसायकलने पाळीहून पेडण्याला आला. येताना वाटेत पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेऊन आला होता. बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसला, हातातली पिशवी माझ्या बायकोकडे दिली आणि म्हणाला, “मामा, तुका अरबी येता. माका शिकय. माका हीच एक जागा आसा.”

मी हो म्हटलं. इथवर सगळं ठीक होतं.

आता मला कुठलं अरबी येतं, हे सांगायला पाहिजे. तिकडे दोन अरबी असतात. एक पुस्तकातलं, ज्यात बातम्या देतात, शाळेत शिकवतात, अर्ज लिहितात, नमाजाआधी उपदेश करतात. ते सगळ्या देशांत जवळजवळ एकच. दुसरं घरातलं, आणि ते गावागणिक वेगळं. आई मुलाला हाक मारते ती त्यात, दुकानदार भाव सांगतो तो त्यात, भांडण होतं तेही त्यातच. सरकारच्या लेखी पहिलं म्हणजे भाषा. दुसऱ्याला कागदावर जागाच नाही. बोलणाऱ्याला विचारलं तर तोही सांगतो, आमचं हे काही खरं अरबी नव्हे.

मी शिकलो ते दुसरं. त्यातही गॅरेजचं. काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे येमेनी मेकॅनिक, सुदानी स्टोअरकीपर, तिथलेच टॅक्सीवाले. त्यांच्या तोंडून ऐकत ऐकत दोन वर्षांत माझी जीभ सैल झाली. मी त्यात थट्टा करू शकत होतो, शिवी देऊ शकत होतो, मेलेल्या माणसाच्या घरी जाऊन चार शब्द बोलू शकत होतो. मग एकदा वरच्या शोरूममध्ये जागा निघाली. मालकाच्या पुतण्याने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, तुझं अरबी गॅरेजचं आहे, ते खालीच ठेव.

ते मला लागलं. संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, सहा महिने पुस्तकातलं अरबी शिकलो, परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट मिळवलं. ते अजून आमच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, वरच्या बाजूला फ्रेम करून लावलेलं आहे. शोरूमची जागा तोवर भरली होती, ती गोष्ट वेगळी. पण सर्टिफिकेट हातात पडलं त्याच दिवशी मी आमच्या दुकानाच्या म्हाताऱ्या राखणदाराला पुस्तकातल्या अरबीत ख्यालीखुशाली विचारली. तो तिथलाच, वाळवंटाकडच्या वस्तीतला, शाळेचं तोंड न पाहिलेला. रोज माझ्याशी चहा पिणारा माणूस. तो आधी पोट धरधरून हसला. मग हसू थांबलं आणि मला म्हणाला, “माझ्याशी असं बोलू नकोस. मी काय कोर्टात उभा आहे?” पुढे दोन दिवस त्याने माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

ही हकिकत मी गावात कितीदा तरी विनोद म्हणून सांगितली आहे. लोक हसायचे. सांगून सांगून ती मला इतकी पाठ झाली की तिच्यात काय आहे ते मला ऐकूच येईनासं झालं.

आणि हे आम्हा पेडणेकरांना नवं थोडंच आहे. आमच्या घरात जे बोलतात ते लिहीत नाहीत आणि जे लिहितात ते बोलत नाहीत. मी आखातातून बायकोला पत्रं लिहायचो ती शुद्ध मराठीत. ‘प्रिय पत्नीस अनेक आशीर्वाद, पत्र लिहिण्यास कारण की’ असं. आयुष्यात तिच्याशी समोरासमोर मी असं एक वाक्य बोललेलो नाही. तीही उत्तर लिहायची तसंच, चौथीपर्यंतच्या मराठीत, ‘आपण प्रकृतीस जपावे’. दहिकाल्याच्या, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या, नाटकात आमच्याकडे देव आणि राजे शुद्ध मराठी बोलतात. आमच्या बोलीत बोलतो तो शंकासुर, लोकांना हसवायला. लहानपणापासून हे बघितलेलं. देवाने कधी ‘माका’ आणि ‘तुका’ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

राजभाषेचं आंदोलन झालं तेव्हा मी तरुण होतो. मराठीच्या बाजूने घोषणा देत पेडण्यातून फिरलो, घसा बसवून घेतला, आणि घरी येऊन आईला म्हटलं, “आवय, माका जेवूक वाड.” त्यात काही विसंगत आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, तिलाही वाटलं नाही. पुढे राज्यभाषा कोंकणी झाली, मराठीलाही कागदावर जागा मिळाली, आणि आम्ही मध्ये राहिलो. नोकरीच्या कोंकणीच्या परीक्षेला आमची मुलं बसली की तपासणारे म्हणतात ही मराठी मिसळलेली कोंकणी. कोल्हापूरकडून इथल्या कारखान्यांत आलेली माणसं आमचं मराठी ऐकून विचारतात, तुम्ही कोंकणी लोक ना? धोब्याच्या कुत्र्यासारखी गत. खानेसुमारीवाला आला तेव्हा मी मातृभाषा मराठी सांगितली. त्याने ‘बरें’ म्हणून लिहून घेतलं आणि आमच्याच बोलीत बायकोकडे पाणी मागितलं. मला ह्या सगळ्याचा आता कंटाळा आला आहे. कुणाच्याही बाजूने घोषणा द्यायला माझ्यात जोर नाही.

तर अशा माणसाने, म्हणजे मी, भाच्याला शिकवायला घेतलं. दर रविवारी सकाळी तो यायचा. पहिल्या रविवारी मी मेजावर माझं वर्गाचं जुनं पुस्तक ठेवलं, नवी वही ठेवली, स्वतः आंघोळ करून बसलो. पोराला खरं तेच शिकवायचं, गॅरेजचं नव्हे, असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणतो, पण ठरवायची वेळच आली नाही. कुणी म्हटलं ‘भाषा शिकव’ तर आपल्याकडे माणूस कपाटातून पुस्तक काढतो. आपण बोलतो ती शिकवायची गोष्ट आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

भाचा मन लावून शिकला. ट्रकचं स्टिअरिंग धरून घट्टे पडलेल्या हातांनी अक्षरं गिरवायचा. तिसऱ्या का चौथ्या रविवारी त्याने विचारलं, डावीकडे, उजवीकडे, सरळ हे कसं म्हणतात, ड्रायव्हरला तेच जास्त लागणार. सरळला तिकडे घरोघर ‘सीदा’ म्हणतात. आपलाच सीधा, कधीकाळी गलबतांतून मालाबरोबर तिकडे गेला असेल. माझ्या जिभेवर तो आला होता. मी तो गिळला आणि पुस्तकातले दोन लांब शब्द वहीत लिहून दिले. ‘आत्ता’ला त्या लोकांच्या तोंडी ‘अल्हीन’ असतं, मी लिहिलं ‘अल्-आन’. का, तर पुस्तकात तसं आहे.

बायको आतून ऐकत होती. तिला अरबीतलं अक्षर कळत नाही, पण कान तिखट आहेत. भाचा गेल्यावर मला म्हणाली, “तुमी ताका पुस्तकातला कित्याक शिकयतात? फोनार बोलतात ता शिकया. थंय घरात म्हातारी आनी पोरां आसतली.”

“ती काय भाषा आहे?” मी म्हटलं. मी असाच शुद्ध बोलतो, राग आला की.

ती फोनचं म्हणाली ते खरं होतं. दुकानातला सुदानी स्टोअरकीपर अजून सणासुदीला मला फोन करतो. त्याच्याशी मी गॅरेजच्या अरबीत बोलतो, आणि मी खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत मला जितकं हसू येतं तितकं एरवी महिन्यात येत नाही. एका रविवारी शिकवणी चालू असतानाच त्याचा फोन आला. मी ‘थांब’ म्हणून उठलो आणि मागच्या दाराने विहिरीकडे गेलो. सर्टिफिकेटखाली बसून ज्याला व्याकरण सांगतो आहे त्याच्यासमोर मी तसं कसं बोलणार? विहिरीच्या कठड्याला टेकून मनसोक्त बोललो, हसलो, आणि चेहरा नीट करून परत येऊन बसलो. भाचा वहीत काहीतरी गिरवत होता. त्याने काही विचारलं नाही.

एजंटाने फोनवर मुलाखत ठेवली तेव्हा पडद्यावर त्या घरचा थोरला मुलगा होता, कुठल्याशा सरकारी कचेरीतला साहेब. भाच्याने आपलं नाव, गाव, कामाची वर्षं पुस्तकातल्या अरबीत घडाघडा सांगितली. साहेब थक्क झाला. इतकं स्वच्छ अरबी आमची मुलंसुद्धा बोलत नाहीत म्हणाला. जागा त्याला लागलीच मिळाली. बहिणीने फोनवर मला सांगितलं, “तुज्यान जालें सगळें.” मी त्या दिवशी चौकात चार माणसांना ती हकिकत सांगितली. फुशारकीच मारली म्हणा ना.

तो गेला. सुरुवातीला त्याचे निरोप यायचे ते बरे असायचे. नंतर कमी झाले. मग बहीण म्हणाली, तो हल्ली जास्त बोलत नाही. मी म्हटलं नवीन आहे, रुळेल. तीन महिने होता होता एक दिवस पाळीहून फोन आला की तो परत आलाय, आणि मी बस धरून डिचोलीला गेलो, तिथून पाळीला.

तो पडवीत बसला होता, कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, पाय वर घेऊन. वही शेजारी. बहीण चहा करायला आत गेली तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, एका सुरात, जणू दुसऱ्याच कुणाचं. साहेब दिवसभर कचेरीत असे. गाडी लागायची ती पोरांना शाळेत सोडायला आणि साहेबाच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला. पोरं त्याचं बोलणं ऐकून गाडीत लोळून हसायची. त्यांनी त्याला ‘बातम्या’ असं नाव ठेवलं. पाहुणे आले की त्याला बोलवायचे आणि काहीतरी बोल म्हणायचे. ते त्याने सोसलं. ट्रकवाला माणूस, थट्टा सोसू शकतो.

पण म्हातारी हसली नाही. ती त्या राखणदारासारखीच, शाळा न बघितलेली. ती मागे बसून आपल्या बोलीत सांगायची, हळू घे, इथे वळ, आत्ता थांब, घराकडे परत चल, आणि ह्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग हा नम्रपणे, मी शिकवलेल्या भाषेत, आपल्याला काय हवं आहे, कृपया पुन्हा सांगावं, असं विचारायचा. तिला वाटायला लागलं की हा ड्रायव्हर मुद्दाम असं बोलतो. आपण अडाणी आहोत हे हा परदेशी गडी आपल्याला आपल्याच गाडीत दाखवून देतो.

“म्हातारेक दिसलें, हांव तिचीं फकाणां करतां,” भाचा म्हणाला. म्हणजे मी तिची टिंगल करतोय. “एक दीस ती गाडयेंत रडली. सांजे सायबान म्हाका सांगलें, तुजें काम बरें आसा, पूण आवयक तूं नाका.”

राखणदाराने दोन दिवस माझ्याबरोबर चहा घेतला नव्हता, ते मला त्या क्षणी आठवलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी म्हण आहे, आम्ही ती दुसऱ्यांना मोठ्या हौसेने ऐकवतो. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही, नुसता थकवा आला.

मी म्हणालो, “माका म्हायत नासलें रे, घरांत अशें उलयतात म्हूण.”

मला ती भाषा ठाऊक नव्हती असं मी सरळ म्हटलं नाही, पण त्याला तसं वाटावं असंच बोललो. साठी उलटलेला माणूस मी. भाच्याने वही उचलली, मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलला.

“मामा, म्हातारी पयलेच दीस गाडयेंत बसली आनी उलोवपाक लागली, तेन्ना म्हाका दिसलें, हें हांवें आयकलां खंय तरी. मागीर याद जाली. तूं त्या आयतारा बांयकडेन फोनार उलयतालो, तशेंच.”

विहिरीवरचं माझं बोलणं त्याने ऐकलं होतं. कळलं नव्हतं, पण चाल कानात राहिली होती. तीन महिने तो त्या म्हातारीच्या तोंडून माझंच बोलणं ऐकत होता, जे मी त्याच्यापासून मागच्या दाराने लपवायला गेलो होतो.

त्याने मला का म्हणून विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. सर्टिफिकेटचं, पुतण्याचं, दहिकाल्याच्या राजाचं, आपल्या सगळ्या लोकांचं. त्याने विचारलंच नाही. आतून कपांचा आवाज आला तेव्हा तो घाईने आणि हळू म्हणाला, “आवयक हांवें सांगलां, मामाक ती भास येनासली म्हूण. तशेंच रावूं दी.” मामाला ती बोली येतच नव्हती, असं त्याने आईला सांगून ठेवलं होतं.

बहीण चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी मी पडलो की ठेवायची तसा.

“तूं जिवाक लावन घेव नाका,” ती म्हणाली. “तुका येनासली जाल्यार तूं तरी किदें करतलो?”

मी चहा प्यायलो. भाचा वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत बसला होता. तो आता पेडण्याच्या विमानतळावरून दुसऱ्याची टॅक्सी चालवतो, आमच्या घरावरूनच जातो, कधी थांबतो, उंडे देऊन जातो. बहीण भेटली की अजून तेच म्हणते, तुका येनासली, तूं किदें करतलो. आणि मी दर वेळी मान हलवून हो म्हणतो.